बोहरी आळीतून नळाकडे पाहताना

पुण्यात पाणी आधी खेळले, तोटी फार मागून आली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या तलावांतले पाणी शहरात आले ते जमिनीखालच्या दगडी बांधीव नळातून. माणूस आत उतरू शकेल एवढा तो नळ, वाटेत हवा खेळावी म्हणून उभारलेले उच्छ्वास आणि शेवटी पेठापेठांतले हौद. उतारावरून पाणी आपल्या वजनाने यायचे, एक हौद भरला की पुढच्याकडे जायचे. पुढे नाना फडणविसांनी सदाशिव पेठेच्या हौदासाठी आंबेगावाकडून वेगळा नळ आणला, रास्त्यांनी आपल्या पेठेसाठी कोंढव्याकडून. या साऱ्या कारभारात तोटीला कामच नव्हते. बाईने घागर बुडवायची, कमरेवर घ्यायची आणि चालू पडायचे.

मी हे सांगते ते अभ्यासक म्हणून नाही. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी, आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. मामंजींनी काढलेले, त्यांच्यानंतर गल्ल्यावर मी बसते. दिवसातून निदान एक तरी गिऱ्हाईक विचारते, "काकू, चांगला नळ कुठला ते सांगा." लोकांना कंपनीचे नाव हवे असते. मला मात्र सांगावेसे वाटते की प्रत्येक नव्या तोटीने आधीच्या तोटीची एक खोड मोडली आणि जाता जाता आपली एक लावून दिली. ती कुठली, हे ठाऊक असले की खरेदी सोपी होते.

सगळ्यात जुनी तोटी बऱ्याच पुणेकरांनी घरातच पाहिली आहे, ती बंबाची. कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याचे बंब ठोकून होत आणि अजूनही थोडे होतात. तोटी मात्र ठोकीव नसते, ओतीव पितळेची असते. ती उघडून पाहिली तर आत निमुळता गट्टू दिसतो, त्याला आडवे भोक. भोक पाण्याच्या वाटेत आले की धार लागते, पाव फेरा दिला की बंद. खाली एक चकती आणि नट. बस्स, एवढाच संसार. रबर नाही, चामडे नाही. गट्टू आणि त्याचे घर एकमेकांवर घोटून इतके जुळवलेले असते की धातूच धातूला पाणी रोखतो. दर काही वर्षांनी ती ठिबकायला लागते. मग मामंजी गट्टू काढून त्याला विटेची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून लावत आणि तो घरात बसवून मनगट डावी-उजवीकडे फिरवत बसत. आवाज खरखरीचा असतो तोवर घोटायचे, तो मऊ झाला की पुसून घ्यायचे. गट्टूवर सगळीकडे सारखी करडी झाक आली पाहिजे. मधेच पिवळा चकाकता डाग राहिला तर तिथे तो टेकत नाही असे समजायचे. नट बेताने आवळायचा, नाहीतर चावी फिरवताना बंबच हलतो.

बंबात पाण्याचा दाब तो किती, हातभर उंचीचा. तेवढ्याला ही तोटी पुरून उरते. तिची फजिती झाली ती लोखंडी नळातून दाबाचे पाणी आल्यावर. मुंबईत विहार तलावाचे पाणी 1860 मध्ये शहरात पोचले, मग 1879 मध्ये तुळशीचे, 1892 मध्ये तानशाचे. पुण्यासाठी खडकवासल्याचे धरण 1870 च्या दशकात उभे राहिले. अशा पाण्यापुढे गट्टूची तोटी दोन प्रकारे हरते. एक तर दाबामुळे फटीतून पाझरते. आणि दुसरे, पाव फेऱ्यात ती एकदम बंद होत असल्याने धावते पाणी जागच्या जागी अडते आणि सगळ्या नळाला धाडकन हादरा बसतो. जुन्या इमारतीत कुणी तोटी फटकन बंद केली की भिंतीतून ठोका ऐकू येतो, तो हाच.

यावर तोड निघाली इंग्लंडातल्या रॉदरहॅम गावात. तिथल्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळी कामाच्या कारखान्याने 1845 मध्ये आट्यांच्या तोटीचे पेटंट घेतले. मूठ फिरवली की आट्यांवरून दांडा खाली येतो, त्याच्या टोकाची चकती पाण्याच्या भोकावर बसते आणि वाट बंद करते. चार फेरे घ्यावे लागतात म्हणून हादरा बसत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे झीज सगळी एका चकतीखालच्या वायसरवर येते. तोटी पितळेची, टिकते पन्नास वर्षे. वायसर मिळतो चिल्लर पैशांत. महाग वस्तूची झीज स्वस्त तुकड्यावर ढकलणाऱ्या त्या कारागिराला आमच्या गल्ल्यावरून माझा नमस्कार. अर्धा इंची साध्या नळाचे पोट आजही तेच आहे.

पण हा वायसर होता चामड्याचा, आणि आपल्याकडे तिथेच माशी शिंकली. ज्या पाण्याने देवाला अंघोळ घालायची ते कातड्याला लागून येणार, शिवाय एकाच नळातून सगळ्या जातींच्या घरी जाणार. मुंबईत, पुण्यात, कलकत्त्यात सोवळ्याची मंडळी नळाच्या पाण्याला बिचकली ती याच कारणाने. आमच्या घरी आजेसासूबाईंचा नियम होता, धुण्याभांड्यांना नळ, देवाला आणि पिण्याला आड. पुढे रबराचे वायसर आले, घराघरांत नळ आले, आडावर पत्रे पडले, आणि त्या नियमाची कुणाला आठवणही राहिली नाही. दोरीने बादली ओढायची नसली की धर्मशास्त्रात बरीच सोय सापडते.

पाण्याचे सोवळे विरले तरी तोटीवरच्या हाताचे विरले नाही. महात्मा फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा याच शहरात सार्वजनिक हौदाला त्यांनी शिवायचे नव्हते. नळ आल्यावर हे सुटायला हवे होते. हौदात घागर बुडते, त्याने पाणी बाटते म्हणणाऱ्याला निदान म्हणायला तरी निमित्त होते; बंद नळातून धार पडते, तिला कोण काय करणार? पण बंधन पाण्यावरून सरकले ते थेट मुठीवर आले. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. तहान लागली तर इतर मुले जाऊन नळ उघडत आणि पाणी पीत. त्यांना मात्र गुरुजींची परवानगी पुरत नसे. नळ उघडायला शाळेचा शिपाई लागे. शिपाई नसला तर त्या दिवशी तहान तशीच. पितळेची बोटभर मूठ, तिच्यात बाटण्यासारखे काय असते हे मी रोज हाताळत असूनही मला समजलेले नाही.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 मध्ये झाला, आणि तो अमलात येत नाही म्हणून 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट आले. नळाचे नाव तिथे नाही. 1955 च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात मात्र नदी, ओढा, झरा, विहीर, तळे, टाकी यांच्या ओळीत नळालाही जागा मिळाली. आमच्या धंद्यातली एक वस्तू अशी कायद्याच्या कलमात जाऊन बसली, हे मला कौतुकाचे वाटत नाही. बसवावी लागली, एवढेच.

चाळीतल्या नळाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे पाणी ठरल्या वेळी यायचे आणि ती वेळ बहुधा पहाटेची. रात्री झोपताना तोटी उघडी ठेवून खाली पत्र्याची बादली ठेवायची. आधी नळाला घरघर लागते, फुसफुस हवा येते, मग दोन-तीन उचक्या आणि मग धार. बादलीवरच्या आवाजाने मजला उठतो. म्हणजे जी वस्तू पाणी थांबवायला केली तिला आपण पाण्याची वर्दी द्यायला लावले. सार्वजनिक नळ उघडे राहतात म्हणून दाबून धरायच्या, सोडले की आपोआप बंद होणाऱ्या तोट्या आल्या. लोकांनी त्यांच्या मुठीला फडके बांधले, काडी खुपसली. मग पितळ चोरीला जाऊ लागले. सार्वजनिक मुतारीतली पितळी तोटी रात्रीत भंगारवाल्याकडे पोचते, म्हणून तिथे प्लास्टिकच्या तोट्या लागल्या. प्लास्टिकला नाक मुरडणाऱ्यांना मी हे सांगते. गच्चीवर, अंगणात, भाड्याने द्यायच्या खोलीत चांगल्या जातीची प्लास्टिकची तोटी लावण्यात कमीपणा नाही. क्षारांच्या पाण्यात ती काही पितळांपेक्षा बरी टिकते.

12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचाही बांध गेला आणि शहराचे नळ कोरडे पडले. वाड्यांतल्या लोकांनी बुजत आलेले आड उपसले, कात्रजच्या हौदांवर पुन्हा रांगा लागल्या. पेशव्यांचा तो बिनतोटीचा कारभार त्या दिवसांत कामी आला. मामंजी सांगत, नळाला पाणी परत आल्यावर दुकानात गर्दी झाली ती नव्या तोट्यांसाठी नव्हे, वायसरसाठी. नळातून आलेली रेती वायसरमध्ये रुतायची, तोट्या मिटेनात. पण तोटी उघडायची, वायसर बदलायचा, पान्हा फिरवायचा. एका बैठकीत घर नीट.

तोट्यांखेरीज दुकानात दाराचे सामानही असते. तो माझ्या आवडीचा विषय, पण इथे थोडक्यात आवरते. वाड्याच्या जुन्या दारांना बिजागरी नसेच. फळीलाच वर-खाली खुंट ठेवलेला, तो उंबऱ्याच्या खळग्यात फिरायचा. वर्षानुवर्षे फिरून खळगा गुळगुळीत व्हायचा. कडी, कोयंडा, आत अडसर. कडीचा खिळा दारातून आरपार काढून मागे वळवून ठोकलेला असे, म्हणून बाहेरून तो उपटता येत नसे. आज भारी कुलूप घेणारी माणसे कोयंडा मात्र अर्ध्या इंची स्क्रूंवर बसवतात. चोर कुलपाला हातही लावत नाही, कोयंडा उचकटतो. आर्देशिर गोदरेजांनी 1897 मध्ये लालबागला कुलपे करायला सुरुवात केली, तोवर चांगले कुलूप म्हणजे विलायती किंवा अलिगढचे. कुलपे सुधारली, कोयंडे बिघडले, असे माझे मत आहे. वाडे पडू लागले तसे ओतीव पितळी कड्या, कोयंडे आणि नंतरच्या दारांच्या बिजागऱ्या जुन्या बाजारात किलोवर विकायला आल्या. अजून एखादी दिसते. घ्यायची झाली तर बिजागरीची मधली सळई हलवून बघावी; ती डुगडुगली तर भंगाराच्याच भावाने मागावी. आणि पितळी बिजागरीला स्क्रूही पितळीच वापरावेत. लोखंडी स्क्रू बाथरूमच्या दारात आणि कोकणच्या हवेत आधी गंजतात, मग दार लटकते आणि नाव बिजागरीचे खराब होते.

आता पुन्हा नळाकडे. गरम-गार पाणी एकाच मुठीने मिसळणाऱ्या मिक्सरची कल्पना अमेरिकेत आल्फ्रेड मोएन याला 1937 च्या सुमारास सुचली. गरम तोटीने हात पोळला म्हणून. आपल्याकडे गरम पाणी बंबात वा चुलीवर आणि गार हौदात, मिक्सर होता तो तांब्या. गिझर आले, मग फ्लॅट आले, मग टाइल्सच्या आत लपवलेले नळ आले. त्यांच्या आत आता वायसर नसतो. दोन सिरॅमिकच्या चकत्या एकमेकींवर घासून बसलेल्या असतात, पाव फेऱ्यात उघड-बंद. बंबाच्या गट्टूचीच ही पणती, धातूच्या जागी चिनी मातीच्या कुळातली. चकत्या इतक्या गुळगुळीत की पाण्याला फट सापडत नाही, आणि चांगल्या असल्या तर खरेच वर्षानुवर्षे चालतात. या तोटीची खोड एकच, रेती. नव्या इमारतीच्या नळांत सिमेंटचा कण, कापलेल्या पाइपाचा चुरा, टँकरच्या पाण्याचा गाळ असतो. एक खडा चकत्यांमध्ये गेला आणि चरा पडला की तो घोटूनही निघत नाही आणि चार आण्यांच्या वायसरनेही भागत नाही. या चकत्या ज्यात बसवलेल्या असतात ते अख्खे कार्ट्रिज बदलायचे.

म्हणून "चांगला नळ कुठला" याला मी आधी उलट विचारते, पाणी कुठले? टाकी किती उंचावर? दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. टाकी तुमच्या डोक्यावर तीन मीटर असेल तर दाब त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. वरच्या मजल्यावरची मंडळी प्रदर्शनात पाहिलेला ताटाएवढा शॉवर घेऊन जातात आणि महिन्याने सांगतात, थेंब थेंब येतो. शॉवर बिचारा नीट असतो. तो जास्त दाबासाठी केलेला असतो.

मग तोटी हातात घ्या. वजन बघा. साध्या आट्यांच्या नळांसाठी आयएस 781 हे जे प्रमाण आहे त्यात कमीत कमी वजनही ठरवून दिलेले आहे, ते उगाच नाही; पितळ कापून पैसे वाचवणे हा या धंद्यातला जुना रोग. पण वजनावर विसंबून चालत नाही, कारण मूठ जड करून अंग पातळ ठेवता येते. मागच्या तोंडातून आत बोट घाला. ओतकाम खडबडीत, जाळी पडलेले असेल तर वरचा क्रोम कितीही आरशासारखा असो, ठेवून द्या. आटे मोजा, पूर्ण, धारदार आणि बाहेरून आतपर्यंत सारखे हवेत. मूठ काढायला सांगा. पुष्कळदा नळ पितळेचा आणि मूठ जस्ताच्या मिश्रणाची असते, ती दोन वर्षांत आतून भुसभुशीत होऊन हातात येते.

पितळही सगळे एक नव्हे. तांबे कमी आणि जस्त जास्त असलेले पितळ काही पाण्यांत हळूहळू जस्त सोडते. मोडलेला दांडा मी गिऱ्हाइकाला दाखवते: बाहेर पिवळा, आत तोडलेल्या जागी गुलाबी आणि स्पंजासारखा. तांबे तेवढे उरलेले असते, बळ गेलेले. बोअरच्या पाण्याच्या भागांत हे जास्त दिसते. तिथे भिंतीतल्या व्हॉल्व्हसाठी गनमेटल मिळाले तर घ्यावे. तांबे आणि कथलाचे ते, महाग पडते, पण भिंत फोडण्याची मजुरी त्याहून महाग. आणखी एक, पितळ कापायला सोपे जावे म्हणून त्यात थोडे शिसे घालतात. रात्रभर तोटीत थांबलेले पहिले पाणी प्यायला भरू नये, झाडांना घालावे.

शेजारच्या दुकानातले बोहरी चाचा याहून सोपी कसोटी लावतात. गिऱ्हाइकाने भारी नळ पसंत केला की ते म्हणतात, "इसका कार्ट्रिज अभी मेरे सामने टेबल पे रखवाओ." दुकानदाराने काढून ठेवले तर घ्यावा, "मागवून देतो" म्हणाला तर साध्या नळाकडे वळावे. मला हे शंभर टक्के पटते. अर्धा इंची आट्यांच्या नळाचा वायसर कुठल्याही गावात, कुठल्याही कंपनीचा, चालतो. नव्या नळांची कार्ट्रिजे मात्र ज्याची त्याला. दात वेगळे, उंची वेगळी, भोके वेगळी. कंपनी दर दोन-चार वर्षांनी नमुना बदलते आणि मागचे सुटे भाग बंद होतात. माझ्याकडे पिशवीत मोडके कार्ट्रिज घेऊन लोक येतात, मी खण उघडून एकेक लावून बघते. कधी जुळते. जुळले नाही की टाइल फोडून नवा नळ, कारण आतले अंग त्याच कंपनीचे हवे. भिंतीत गाडायचा नळ घेताना दोन जादा कार्ट्रिजे तेव्हाच घेऊन बिलासकट कपाटात ठेवावीत.

बसवण्याचे काम फिटरचे, तरी दोन गोष्टींवर घरच्यांनी उभे राहावे. नवी लाइन असेल तर नळ लावण्याआधी सगळी तोंडे उघडी ठेवून पाणी भरपूर वाहू द्यावे, स्वच्छ येईपर्यंत. फिटरला घाई असते, तो हे टाळतो. आणि प्रत्येक नळाखाली अँगल कॉक असावा, म्हणजे एक नळ दुरुस्त करताना अख्ख्या घराचे पाणी तोडावे लागत नाही. पान्ह्याच्या दातांखाली क्रोमवर जुने कापड धरायला सांगावे. पूर्वी आट्यांना सफेदा आणि ताग लावत, आता टेफलॉनची पट्टी. गुंडाळायची ती आटे आवळण्याच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटत जाते, आणि संध्याकाळी फिटर गेल्यावर आट्यांतून पाणी झिरपू लागते.